रस्त्याखालच्या दोन पायऱ्या

४ नोव्हेंबर

प्राध्यापिका बाईंना वाचक मंडळाच्या चिटणिसाचा नमस्कार.

हे पत्र मंडळाच्या कामाचे आहे आणि ते तसेच वाचावे ही विनंती.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आमच्या लेखकाच्या गावी सहल न्यायचे मंडळाने ठरवले आहे. आपण त्याच गावच्या कॉलेजात गेली दहा वर्षे त्याच्याच कादंबऱ्या शिकवता. माहितीसाठी दुसरा माणूस शोधणे हा आडमुठेपणा झाला असता. तो मी दोन महिने करून पाहिला. नगरपालिकेला दोन पत्रे पाठवली, एकाचेही उत्तर नाही.

माणसे एकोणीस. त्यांत आमच्या ग्रंथपाल बाई आहेत आणि एक निवृत्त कंपाउंडर आहेत, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ शाबूत. बस सकाळी सव्वानऊला पोचेल. चौकापासून लेखकाच्या घरापर्यंत चालत किती मिनिटे लागतात ते कळवावे. आपल्या चालीने नव्हे, कंपाउंडरांच्या. घर रविवारी उघडे असते का, किल्ली कोणाकडे असते? ज्या शाळेत तो शिकला तिच्या आवारात एकोणीस माणसांना डबे उघडता येतील एवढी सावली आहे का? बायकांच्या सोयीची जागा कुठे आहे? नदीकडे उतरणारी गल्ली त्याने डावीकडे लिहिली आहे. ती चौकाकडे तोंड करून डावीकडे की पाठ करून?

शेवटचा प्रश्न. लेखकाच्या घराला बाहेरून जो दगडी जिना आहे, त्याला पायऱ्या किती? कंपाउंडरांच्या गुडघ्यांसाठी विचारतो आहे. दुसरे काही कारण नाही.

आपला,
चिटणीस, वाचक मंडळ

ता. क. आईचा फोटो नव्या चौकटीत बसवून घेतला. हे मंडळाच्या कामात बसत नाही म्हणून सहीच्या खाली लिहिले.

१९ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. ‘चिटणीस साहेब’ अशी झोकात सुरुवात, आणि दुसऱ्या ओळीत ‘दादा, हे आपण-बिपण बंद कर, नाहीतर पाकीट न फोडता परत पाठवीन.’ बंद केलं. सहा वर्षांनी तुला पत्र लिहायचं तर कुठल्या दाराने आत यावं हे कळत नव्हतं. मंडळाचं दार उघडं दिसलं.

उत्तरं नेमकी दिलीस. चौक ते घर, तुझ्या चालीने सात मिनिटं, कंपाउंडरांच्या चालीने वीस ‘आणि वाटेत बोलत राहिले तर तीस’. मी तीस धरली. घर राखणाऱ्या बाई समोरच राहतात हे बरं झालं. वेळापत्रक तयार केलं आणि मंडळात वाचून दाखवलं. नऊ पंधरा चौक, नऊ पंचेचाळीस घर, दहा पन्नास शाळा, असं संध्याकाळपर्यंत. ऐकून झाल्यावर कंपाउंडर म्हणाले, चिटणीस, यात श्वास घ्यायची वेळ कुठे टाकली आहे? सगळे हसले. मीही हसलो, मग अकरा वाजता दहा मिनिटं टाकली.

तुला माहीत नाही, पण मी त्या गावाचा नकाशा काढला आहे. लेखकाच्या पाचही कादंबऱ्या पुन्हा वाचून, प्रत्येक गल्ली, प्रत्येक वळण, कुठल्या पानावरून घेतलं त्याच्या आकड्यासकट. गाव पाहिलेलं नाही तरी डोळे मिटून तुझ्या कॉलेजपर्यंत येईन. आठवी सोडलेल्या माणसाने काढला आहे म्हणून हसू नकोस. आठवी नापास नव्हे, सोडलेल्या. हा फरक मी सगळ्यांना सांगतो.

सगळ्या प्रश्नांची उत्तरं आली, एक सोडून. ‘पायऱ्यांचं मला विचारू नकोस,’ असं लिहिलं आहेस.

ठमे, विषय निघालाच आहे, तर माझ्या बाजूने काय घडलं ते एकदा लिहून ठेवतो. वाचनालयाचा हॉल, साठ खुर्च्या, तू पाहुणी. लेखकाच्या मोठ्या कादंबरीवर बोलत होतीस. शेवटी म्हणालीस, म्हातारपणी ती बाई घर सोडते आणि अकरा पायऱ्या उतरून मागे न बघता निघून जाते. मी तिसऱ्या रांगेतून उठलो. म्हणालो, तेरा. पान तीनशे चार. तू म्हणालीस, माझ्या प्रतीत अकरा आहेत. मी म्हणालो, तुझी प्रत जुनी असेल, शुद्ध प्रत आमच्या छापखान्यात छापली आहे आणि तिची मुद्रितं छापण्याआधी मी स्वतः तपासली आहेत. लोक हसले. तुला ते लागलं असणार, पण तू जे बोललीस ते मला जास्त लागलं. ‘दादा, शिकलेली माणसं आधी दोन प्रती पडताळून बघतात.’

मी हॉलमधून उठून गेलो. तू सात वर्षांची असल्यापासून तुझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालणारा माणूस, त्याला तू साठ जणांसमोर बिनशिकलेला म्हणालीस.

एवढंच माझ्या बाजूने. कंपाउंडरांचे गुडघे मात्र खरेच दुखतात.

दादा

२ डिसेंबर

प्रिय ठमे,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. ‘मोजल्या. अकरा. दोनदा मोजल्या.’

तू गेलीस हे चांगलं केलंस. पण मोजण्याची एक पद्धत असते. वरचा उंबरठा धरलास का? खाली रस्त्याला लागून एखादा सपाट दगड असतो, त्यालाही काही लोक पायरी म्हणतात. दोन्ही धरले तर तेरा होतात. लेखक त्याच घरात जन्मला, त्याच जिन्यावर वाढला. पहिल्या प्रकरणात ती नवी नवरी म्हणून त्या घरात येते, तेव्हा त्याने ‘तेरा पायऱ्या’ असं स्वच्छ लिहिलं आहे. पान नऊ. माझ्या प्रतीत आणि तुझ्याही प्रतीत. हवं तर उघडून बघ.

रागाने लिहीत नाही. माझं अक्षर तसं दिसतं, एवढंच.

आई गेली तेव्हा आपण नऊ दिवस एका घरात होतो. तू मावशीला सांगायचीस, त्याला म्हणावं पान वाढलंय. मी मावशीला सांगायचो, तिला म्हणावं येतो. मावशी सहाव्या दिवशी म्हणाली, माझ्या घशाला कोरड पडली, तुम्ही आता एकमेकांना तारा करा. तेव्हा मला हसू आलं होतं आणि मी तुझ्याकडे बघितलं होतं. तू भिंतीकडे बघत होतीस. पण तुझे खांदे हलत होते. हसत होतीस की रडत होतीस, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पुन्हा एकदा मोजशील?

दादा

१८ डिसेंबर

प्रिय ठमे,

तुझं लांब पत्र दहा तारखेलाच आलं. आठ दिवस उत्तर दिलं नाही. तीन मसुदे केले आणि तिन्ही फाडले. पहिल्यात मी तुझ्यावर रागावलो होतो, दुसऱ्यात नशिबावर, तिसऱ्यात फार सुंदर भाषा वापरली होती.

तू लिहितेस, पुन्हा मोजायला गेलीस तेव्हा घर राखणाऱ्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मॅडम, किती वेळा मोजाल, जिना काही वाढत नाही. मग तू माझा हट्ट सांगितलास. त्या म्हणाल्या, तेरा म्हणणारा माणूस बरोबर आहे, पण उशिरा आला. पूर्वी नदीचं पाणी चढायचं म्हणून रस्ता हातभर उंच केला, आणि खालच्या दोन पायऱ्या रस्त्याखाली गेल्या. सासूबाईंनी त्या पाहिलेल्या. बाईंनी कोपऱ्यातली कुंडी सरकवून तुला बाराव्या पायरीची कड दाखवली, रस्त्याच्या डांबरातून चार बोटं वर आलेली.

ते वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. ती नवरी म्हणून येते तेव्हा तेरा. पन्नास वर्षांनी निघून जाते तेव्हा अकरा. मधल्या तीनशे पानांत लेखकाने रस्त्याविषयी एक ओळ लिहिलेली नाही. फक्त आकडा बदलला. तिची सगळी वर्षं त्याने त्या दोन पायऱ्यांत ठेवली आणि कुणाला सांगितलं नाही.

मग तू लिहितेस की तूही दहा वर्षं ही कादंबरी शिकवते आहेस, आणि पहिल्या प्रकरणातल्या तेरा तुझ्या कधी लक्षात आल्या नव्हत्या. हे कबूल करणं सोपं नसतं, मला ठाऊक आहे. तू लिहिलंस, ‘दादा, आपण दोघं शेजारी बसून वाचलं असतं, तर एक धड वाचक झाला असता.’

आणि शेवटी एकच प्रश्न. कॉलेजातून तू आमची आवृत्ती आणलीस, दोन्ही प्रती पडताळल्यास. जुन्या प्रतीत शेवटी अकरा, आमच्यात शेवटीही तेरा. ‘हे कसं झालं?’

ठमे, ते मी केलं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. मुद्रितशोधकाने लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नाही. छपाईची चूक असेल तर दुरुस्त करायची. लेखकाची वाटली तर समासात प्रश्नचिन्ह करून पान संपादकाकडे पाठवायचं. पहिल्याच आठवड्यात मला हे थोरल्या मुद्रितशोधकांनी सांगितलं, आणि पुढे मी ते तिघांना शिकवलं. त्या पानावर मी प्रश्नचिन्ह केलं नाही. अकरा खोडलं आणि तेरा लिहिलं.

का केलं, तेही सांगतो. लेखक तोवर वारला होता, त्याला विचारणं शक्य नव्हतं, संपादक घाईत होते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही कारण नाही. खरं कारण हे की मला आनंद झाला. एवढा मोठा लेखक चुकला, आणि ते आठवी सोडलेल्या माणसाने पकडलं. प्रश्नचिन्ह केलं असतं तर संपादकाने पकडलं असं झालं असतं. म्हणून मी ते स्वतःजवळ ठेवलं. त्या दिवशी घरी जाताना मी चालत गेलो, बस घेतली नाही. इतका खूष होतो.

आता शेवटची गोष्ट. हॉलमध्ये तू ‘अकरा’ म्हणालीस, तेव्हा मला हे आठवत नव्हतं असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवत होतं. तू म्हणालीस त्याच क्षणी आठवलं, अगदी कुठल्या खिडकीशी बसून खोडलं तेही. तरी उठलो. मीच केलेला बदल पुरावा म्हणून तुझ्या तोंडावर फेकला. आणि तू ‘दोन प्रती पडताळतात’ म्हणालीस ते मला झोंबलं ते अपमान झाला म्हणून नाही. तू पडताळून बघशील, या भीतीने मी हॉलमधून गेलो.

सहा वर्षं मी रुसलेला आहे असं सगळ्यांना वाटलं. मलाही बरं वाटायचं. रुसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

दादा

२९ डिसेंबर

प्रिय ठमे,

अकरा दिवस झाले. तुझं उत्तर नाही. ते यायला हवं असं माझं म्हणणं नाही.

इकडे काय केलं ते कळवतो. छापखान्याच्या मालकांकडे गेलो आणि सांगितलं. ते म्हणाले, अहो, दोन पायऱ्यांनी काय होतं, कोण बसलंय मोजायला? मी म्हणालो, माझी बहीण. त्यांनी चष्मा काढला आणि मला बसायला सांगितलं. मग प्रकाशकांना पत्र गेलं. त्यांच्याकडे चारशे बारा प्रती शिल्लक आहेत. शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत शेवटच्या पानासमोर चिकटवायची असं ठरलं. चिकटवायला मी बसतो, जेवणाच्या सुट्टीत. पन्नास झाल्या. मजकूर असा: ‘पान ३०४, ओळ ९. तेरा ऐवजी मुळाप्रमाणे अकरा वाचावे. हा बदल मुद्रितशोधकाने केला होता.’ मालक म्हणाले शेवटचं वाक्य गाळू या. मी म्हणालो, राहू दे. ते म्हणाले, सदतीस वर्षांत तुम्ही माझं एकदाही ऐकलेलं नाही. हे खरं नाही. दोनदा ऐकलं आहे.

सहलीचं सगळं ठरलं आहे. बस सांगितली, जागा वाटल्या, कंपाउंडरांना पुढची सीट. वेळापत्रक ग्रंथपाल बाईंकडे दिलं आहे आणि नकाशाही. नकाशात ती नदीची गल्ली चुकली होती, तू कळवलंस तशी ती दुरुस्त केली. मंडळाला जिन्याविषयी अजून काही सांगितलेलं नाही.

मी बसमध्ये चढावं की नाही, हे तू ठरव. गाव तुझं आहे. तुझ्याकडून काही आलं नाही, तर मी त्या दिवशी घरी राहीन आणि ग्रंथपाल बाई सगळं नीट नेतील. त्यांना मी असं सांगितलं आहे की मला त्या रविवारी ताप येण्याचा संभव आहे. त्या म्हणाल्या, ताप असा तारखेने येत नसतो, चिटणीस. पण जास्त विचारलं नाही.

दादा

५ जानेवारी

प्रिय ठमे,

तुझं कार्ड आज पोचलं. ‘बसमध्ये चढ. मला साठ जणांसमोर खोटं ठरवलंस, आता खरं अठरा जणांसमोर सांग. जिन्याशी उभा राहून. मी तिथे असेन.’

हिशेबात बेचाळीस माणसं तू मला सोडलीस. ते लक्षात आलं.

चढतो.

दादा

१४ जानेवारी

प्रिय ठमे,

तू तिथेच होतीस, तरी लिहितो. काही गोष्टी तुला दिसल्या नसतील, कारण तू घर राखणाऱ्या बाईंच्या दाराशी उभी होतीस आणि मी अठरा माणसांच्या मधे.

बसमध्ये मी तीन तास खिडकीबाहेर बघत होतो आणि काय बघितलं ते मात्र आठवत नाही. चौकात उतरल्यावर ग्रंथपाल बाई माझा नकाशा घेऊन पुढे झाल्या आणि पहिल्याच वळणावर आम्ही सगळे एका गोदामासमोर जाऊन थांबलो. कंपाउंडर म्हणाले, इथे जन्मला का? तेव्हा तू समोरून आलीस. पांढरे केस झाले आहेत तुझे, कानाशी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू ग्रंथपाल बाईंना नमस्कार केलास, कंपाउंडरांची पिशवी घेतलीस आणि मला म्हणालीस, चल. सहा वर्षांनंतर पहिला शब्द. मी त्याचा फार अर्थ काढत होतो. मग लक्षात आलं की तू सगळ्यांनाच म्हणाली होतीस.

जिना मी मनात धरला होता त्याहून अरुंद निघाला. दगड मधे झिजलेले. मी पहिल्या पायरीशी उभा राहिलो, म्हणजे तिसऱ्या, आणि बोलायला लागलो. लिहून आणलेला कागद खिशात होता. काढला नाही. नियम सांगितला, अकरा सांगितले, तेरा सांगितले, हॉल सांगितला. ‘खोडलं’ म्हणताना माझा उजवा हात आपोआप हलला, तो मी डाव्याने धरला. तुझ्याकडे बघणार नाही असं ठरवलं होतं. शेवटचं वाक्य मात्र तुझ्याकडे बघून बोललो: ‘त्या दिवशी ती बरोबर होती, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं.’

ग्रंथपाल बाई पर्सच्या बंदाशी चाळा करत होत्या. त्या मला चोख माणूस समजतात याची मला सवय आहे, म्हणून त्या क्षणी मी फार घाबरलो होतो. अकरा वर्षं मी त्या माणसांच्या चुका काढतो आहे.

मग कंपाउंडर खाली वाकून, गुडघा धरून म्हणाले, ‘म्हणजे चिटणीस, त्या म्हातारीला तुम्ही दोन पायऱ्या फुकट उतरायला लावल्यात. माझ्या गुडघ्यांना विचारा, काय पाप केलंत ते.’

सगळे हसले, पण मी ऐकत होतो तो एकच आवाज होता. तू हसताना अजून नाकाने आवाज काढतेस. लहानपणी छापखान्यातून मी रद्दीतली मुद्रितं आणायचो आणि तू त्यांच्यावर वाचायला शिकलीस. एका पानावर कुणाचं तरी आडनाव उलटं छापलं होतं, तेव्हा तू असंच हसली होतीस. ते पान तुला आठवणार नाही.

नंतर तू जे केलंस त्याची मला अपेक्षा नव्हती. पुढे आलीस आणि सगळ्यांना सांगितलंस, की मीही दहा वर्षं शिकवते आणि मला पहिल्या प्रकरणातल्या तेरा कधी दिसल्या नाहीत. याने निदान मोजल्या तरी होत्या. मग कुंडी सरकवलीस. एकोणीस माणसं रांगेने वाकून त्या चार बोटं दगडाकडे बघत होती. ग्रंथपाल बाई खाली बसल्या आणि त्यावरून हात फिरवला. परत येताना बसमध्ये त्यांनी वेळापत्रक माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, पुढच्या सहलीचं तुम्हीच करा, पण श्वासाला वीस मिनिटं टाका.

बस सुटताना तू खिडकीशी आलीस. मी काहीतरी नीट बोलणार होतो. तूच म्हणालीस, ‘दादा, पुढच्या वेळी एकटा ये. इतक्या माणसांत तुझ्याशी धड भांडताही येत नाही.’ तेवढ्यात बस हलली आणि उत्तर राहून गेलं. ते आता देतो.

येत्या शनिवारी दुपारी निघतो. दोन दिवसांची रजा मागितली. मालकांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, मग मला, मग पुन्हा कॅलेंडर. संध्याकाळपर्यंत पोचेन. घर कुठलं ते कळव; नकाशावर माझा आता विश्वास नाही.

आणि भांडायला विषय काय, याची काळजी करू नकोस. रविवारी तू थर्मासमधून सगळ्यांना चहा दिलास. तो पाणचट होता, ठमे. अठरा माणसांसमोर मी बोललो नाही.

दादा